उघड्या बाटल्यांचं काय करायचं, विहीणबाई?

डोंगरपिंपरी, कड्याजवळ, ता. आष्टी, जि. बीड
४ डिसेंबर २००३

सारजाबाई विहीणबाईंना वत्सलाबाईचा नमस्कार.

मी सातवीपर्यंत शिकलेली हाय. जशी बोलते तशी लिहिते, तवा हसू नका. फोनच केला असता, पण गावात एकच बूथ हाय, आणि तो मोहनरावच्या देशी दारूच्या दुकानाला लागून. तिथं बोललेलं तुमच्या कानावर पडायच्या आधी गावाच्या कानावर पडतं.

साखरपुड्याला तुमच्याकडं आमची लई बडदास्त ठेवली. तुमची उज्ज्वला आमच्या शहादेवाला शोभती. खरं सांगायचं तर शहादेवच तिला जरा कमी पडतो, पण आता सुपारी फुटली. तुमच्या द्राक्ष सोसायटीत त्याला नोकरी लागली काय, आणि सोयरीक जुळली काय, सगळं एका वर्षात झालं.

परवा विठ्ठलराव व्याही चार माणसं घेऊन आमचं घर बघून गेले. येताना सोसायटीच्या वाइनचं खोकं आणलं, बारा बाटल्यांचं. जेवणं झाल्यावर ओसरीवर बसून त्यांनी एकेक करत सगळ्या फोडल्या. ही तांबडी, ही पांढरी, ही गार करून घ्यायची, ही मुक्या माणसाला बोलती करती, असं समजावून सांगितलं. पाहुण्यांनी घोट घोट घेतला. माझ्या भावानं, सिदूनं, घोटाच्या वर घेतला. सगळ्यांना आवडली. आमच्या ह्यांनीबी मान हलवली.

आता अडचण अशी की बाराच्या बारा बाटल्या उघड्या राहिल्यात, कुठली अर्धी, कुठली पाऊण. तुमच्या घरची वस्तू, टाकवत न्हाई. आणि टाकायची तरी कुठं? पावसानं तोंड दाखवल्याला जमाना झाला. टँकर आमच्या ओट्यापुढं थांबतो, उजाडल्यापासून घागरींची लायन लागती. आमच्या मोरीतून काय बी बाहेर आलं की शंभर डोळे बघत्यात. काल तांदळाचं धुवण सांडलं, तर शेजारीण म्हनली, पाणी लई झालं का गं घरात?

तवा तुमच्याकडं उघडी बाटली उरली तर काय करत्यात, ते कळवा.

तुमची विहीण,
वत्सला त्रिंबक पोकळे


आंबेदरा, ता. दिंडोरी, जि. नाशिक
१५ डिसेंबर २००३

वत्सलाबाई,

पत्र मिळालं. हसले नाही. एकदाच हसले, जावईबापू कमी पडतात असं लिहिलंत तिथे.

आमच्या मंडळींचं तुम्ही छान केलंत. हे घरी आल्यापासून सांगतात की बीडकडची माणसं साधी, पण चव जाणणारी. आमच्याकडे काही लोक अजून वाइनला दारू समजतात. ह्यांनी सोसायटीच्या सभेत 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असं म्हटलं की टाळ्या पडतात. तुमच्याकडे समजावून सांगावं लागलं नाही, ह्याचं त्यांना फार कौतुक वाटलं.

उरलेली वाइन आमच्याकडे थेंबभरसुद्धा वाया जात नाही. बायकांनी बागेत राबून पिकवलेलं ते. आधी चिनी मातीच्या बरणीत ओता, वर पातळ फडकं बांधा, आणि हलवू नका. वर साय धरते. तिचा सिरका होतो. त्यात कांदा उभा चिरून, मीठ नि मिरची घालून ठेवा. भाजी नसली तरी दोन भाकरी जातात. आंबलेल्या वाइनमध्ये मीठ घालून पितळ घासा, पाणी फार लागत नाही. मटण करणार असाल तर आधी तिच्यात भिजत टाका, म्हातारा बोकडसुद्धा मऊ होतो. आणि तांबडी गोडसर असेल तर गूळ घालून मंद आचेवर आटवा. काकवीसारखी दाट होते. मद्य सगळं उडून जातं, लहान मुलांनी खाल्लं तरी चालतं.

आवडली आहे म्हणून जावईबापूंबरोबर आणखी एक खोकं पाठवते. संकोच करू नका.

तुमची,
सारजाबाई निरगुडे


डोंगरपिंपरी
६ जानेवारी २००४

विहीणबाई,

पत्र आलं, त्याच्या मागोमाग शहादेव खोकं घेऊन आला. तुमचं मन मोठं हाय.

आधी पितळेचं सांगते. पाणी न्हाई म्हणून दिवाळीपासून भांडी राखेनं घासून नुसती फडक्यानं पुसतोय. तुमच्या बाटलीतली वाटीभर घेतली, मीठ टाकलं, समईला चोळली. अशी निघाली की ह्यांनी विचारलं, नवी कवा आणली? आता गल्लीतल्या बायका तांबे, पराती, बंब घेऊन येतात आणि कशानं घासती ते विचारतात. मी म्हनते चिंच. तर त्या म्हनतात, औंदा झाडाला बोटूक न्हाई, तुलाच कुठली घावली?

सिरक्याला बरणी पुरंना. पाण्याचा रांजण रिकामाच होता, पाणीच न्हाई तर त्यात ठेवायचं काय? तो वाळवला, त्यात ओतलं, वर धोतराचं फडकं बांधलं. आंबलं का न्हाई ते चाखल्याबिगर कळत न्हाई, म्हणून रोज बोट बुडवून बघते. सुरुवातीला एक दिवस जरा जास्तच बघितलं असंल. त्या दिवशी सासूबाईंच्या फोटूशी मी मोकळेपणानं बोलले. त्या जित्या होत्या तवा जमलं न्हवतं.

कांदा मात्र लई झकास झाला. आमची बायकांची दूध संस्था हाय, मी तिची अध्यक्ष. म्हशी चारा छावणीत, दूध आटलंय, पण बायका सकाळी आमच्या ओसरीवर संकलनाला येऊन बसतात. त्यांना भाकरीसंगं दिला. रोज मागतात. त्यामुळं दुसऱ्या खोक्यातल्या बाटल्याबी फोडल्या, तळाला एखादी उरली असंल. आता आणखी पाठवू नका, खरंच नको. मटणाचं अजून जमलं न्हाई.

गूळ घालून आटवायचं तेवढं राहिलंय. थोडी तांबडी बाजूला ठेवलीय, बघते करून.

तुमची,
वत्सला


आंबेदरा
१८ जानेवारी २००४

वत्सलाबाई,

हे पत्र कसं लिहावं ते मला सुचत नाही, म्हणून सरळ लिहिते.

तुमची पत्रं उज्ज्वला वाचते. मी तिच्यापासून काही लपवत नाही. परवाचं तिने दोनदा वाचलं. मग म्हणाली, "आई, दोन खोकी. दीड महिन्यात." मी म्हटलं, अगं कांद्यात घातली, भांड्यांना लावली. ती म्हणाली, एवढी भांडी कोणाकडे असतात?

आमच्या घरात वर्षाला एवढी लागत नाही. त्र्यंबकराव व्याही रोज घेतात का? रागावू नका, मी मुलीची आई आहे. बोट बुडवून चाखण्याचं तुम्ही गमतीने लिहिलंत हे मला कळतं, पण तिला नाही कळलं. ती म्हणते, पिणाऱ्या घरात मी जाणार नाही, मग ते पिणं द्राक्षाचं असो की उसाचं. जावईबापूंना विचारलं, तर ते लाल होऊन बागेत निघून गेले. त्याने तर आणखीच काळजी वाटली.

जे असेल ते स्वच्छ लिहा.

सारजाबाई


डोंगरपिंपरी
२८ जानेवारी २००४

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून आधी मी हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. हे घाबरून म्हनले, परत रांजणाकडं गेलतीस का?

आता स्वच्छ लिहिते. आमचे हे माळकरी हायेत. लसूणसुद्धा खात न्हाईत, मटण कुठलं आणि वाइन कुठली? त्या दिवशी व्याह्यांनी पेला पुढं केला तवा ह्यांनी मान हलवली ती 'नको' म्हणून. व्याह्यांना ती 'वा' वाटली. मी बघितलं आणि गप बसले. शहादेवाची नोकरी तुमच्या सोसायटीत, तुमची माणसं ओसरीवर, तिथं 'आमी शिवत न्हाई' कसं म्हनायचं? म्हणून आवडली म्हणून लिहिलं. आमच्या घरात सिदू सोडून घोट कुणी घेतला न्हाई. तोबी पाहुणा होता. मी बोटानं चाखली तेवढीच.

आता दुसरं. मी गावात दारूचं दुकान बंद करायच्या कामात हाय. नुसती कामात न्हाई, म्होरं हाय. कायदा असा की गावातल्या बायकांनी अर्ज दिला तर मतदान होतं. कागदावर एक उभी बाटली, एक आडवी. मतदार यादीत जेवढ्या बायका हायेत त्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद. बावीस फेब्रुवारीला आमचं मतदान हाय. हे तुमाला सांगितलं न्हाई, कावून ते समजून घ्या.

माझ्यासंगं दूध संस्थेची सचिव जाईबाई हाय, बौद्ध वस्तीतली. तिचा नवरा कचरू. गवंडी काम सोन्यासारखं करायचा, आता सकाळी उठला की मोहनरावच्या दुकानी. घरातली शिलाई मशीन विकून प्याला. अर्ज तिनंच लिहिला, सह्या तिनंच दारोदार फिरून घेतल्या.

मागल्या सोमवारी मी तुमच्या सांगण्यावरून गूळ घालून वाइन आटवायला ठेवली. मद्य उडून जातं म्हनलात. गेलं, ते थेट कचरूच्या नाकात गेलं. दारात येऊन उभा राहिला आणि अदबीनं म्हनला, "वैनी, भट्टी लावली काय?" तुमीच सांगा, चुलीवर पातेलं, त्यात गूळ, आणि घरभर तो वास. माझाबी विश्वास बसला नसता. मी त्याला हाकललं, तो दुकानात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध संकलनाला मोहनराव स्वतः आला. पांढरं धोतर, कपाळाला बुक्का. सगळ्या बायका बसलेल्या. हात जोडून म्हनला, "अध्यक्षीणबाई, माझ्या दुकानाला लायसन हाय. तुमच्या चुलीला हाय का?"

मी रांजण दाखवला, आटलेलं पातेलं दाखवलं, रिकाम्या बाटल्या दाखवल्या. सिरका हाय म्हनलं, सोयऱ्यांनी दिलेल्या वाइनचा. बायका कांद्याकडं बघाया लागल्या. एकीनं तर ताटातला कांदा बाजूला सारला. मोहनराव हसत हसत निघून गेला.

जाईबाई तेवढी उठली न्हाई. सगळ्या गेल्यावर म्हनली, "मला का सांगितलं न्हाईस?"

मी म्हनलं, सोयरीक मोडंल म्हणून.

ती म्हनली, "माझा संसार मोडलेला तुला दिसतो रोज. तुझी सोयरीक तेवढी मोडायला नको." आणि गेली. तवापासून माझ्याशी बोलत न्हाई.

आता खरं बघता मतदान हातचं गेलंच हाय. निम्म्या बायका ऊसतोडीला बाहेर गेल्यात. औंदा इकडं ऊसच न्हाई, म्हणून टोळ्या लांब गेल्या. आमच्या गावच्या दोन टोळ्या तुमच्याच बाजूच्या कारखान्यावर हायेत. जी बाई आली न्हाई ती उभ्या बाटलीच्या खात्यात जाते, असा हिशेब. मोहनरावला कायच करायचं न्हाई, नुसतं बसून राहायचंय.

तुमी मुलीची आई, मी मुलाची. पण दारू ती दारू, विहीणबाई. मग व्याही सभेत काय बी म्हनोत. खोटं बोलले त्याची माफी मागते. ह्याची मागत न्हाई.

वत्सला


आंबेदरा
५ फेब्रुवारी २००४

वत्सलाबाई,

दारू ती दारू. वाचलं.

ज्या बागेत उज्ज्वला लहानाची मोठी झाली, जिथे तुमचा मुलगा पगार घेतो, तिथे दारू पिकते असं तुमचं मत आहे, हे बरं झालं आधी कळलं. पण मग त्र्यंबकराव ज्या साखर कारखान्यात उसाचं वजन करतात, त्या उसाची साखर काढल्यावर मळी उरते. ती कुठे जाते, हे त्यांना विचारा. देशी दारू आमच्या द्राक्षाची होत नाही. तुमच्या गळ्यातल्या माळेला ते चालतं, आणि आमची बाटली चालत नाही.

तुम्ही खोटं बोललात त्याचं मला जास्त लागलं. दोन महिने मी शेजारणींना सांगत होते, माझी विहीण बघा कशी मोकळ्या मनाची आहे.

वैशाखातल्या तारखेचं आता आम्हाला नव्याने बघावं लागेल.

सारजाबाई


डोंगरपिंपरी
१२ फेब्रुवारी २००४

सारजाबाई,

मी ह्यांना विचारलं, मळी कुठं जाते. काट्यावरून टँकर निघतो तवा वजन हेच लिहितात. म्हनले, "जाते नगरच्या बाजूला." पुढं काय होतं विचारलं, तर पोथी उघडून बसले. दोन दिवस आमच्यात बोलणं न्हाई. आज सकाळी आपणहून म्हनले, "तुझी विहीण खरं बोलती." बत्तीस वर्षांच्या संसारात ह्यांनी कुणा बाईला असं म्हनल्यालं मी पहिल्यांदा ऐकलं.

तवा मळीचं तुमचं खरं. आमी धुतलेल्या तांदळासारखे न्हाई.

जाईबाई काल आली. बोलली न्हाई, सरळ रांजणाकडं गेली. मग म्हनली, जरा न आंबलेली असंल तर दे. एक बाटली तळाला राहिलीवती. वाटीत ओतून दिली. तिनं तोंडात धरली, थुंकली. "ह्याच्यापायी?" म्हनली. "मशीन विकून हे असलं पितात?" मी म्हनलं, ही भारीतली हाय, तो पितो ती ह्याच्याहून वाईट. मग ती बसली, आणि तिथून आमचं बोलणं चालू झालं. मतदान हरणार हे दोघींना ठाऊक हाय, तरी रोज दारोदार फिरतो. काही दारं आता आमाला बघून लागतात. कांदा खाल्लेल्या बायकांचीबी.

शहादेवाला ह्यात धरू नका. तो लाल झाला तो पीत असल्यामुळं न्हाई. आई खोटं लिहिती हे त्याला ठाऊक होतं आणि सांगता येईना. तारखेचं तुमी ठरवाल ते.

वत्सला


डोंगरपिंपरी
२४ फेब्रुवारी २००४

विहीणबाई,

पत्र कुठून सुरू करू? तुमाला सगळं कळलंच असंल, तरी मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं सांगते.

रविवारी शाळेत मतदान. सकाळी आमच्या बाजूच्या बायका आल्या, म्हाताऱ्या आल्या, आणि मग शाळेपुढचं पटांगण रिकामं झालं. मोहनराव समोरच्या पाराच्या कट्ट्यावर पाय हलवत बसलेला. जाईबाई यादीवर बोट फिरवत होती, बोट थांबंना, कारण पुढची सगळी नावं ऊसतोडीची.

तेवढ्यात फाट्याकडून धूळ उठली. आमाला वाटलं टँकर. बायका सवयीनं घागरी आणायला पळाल्या. तर टेम्पो निघाला. वर तुमच्या सोसायटीचं नाव, द्राक्षाचा घड काढलेला, आणि आत रिकाम्या क्रेटवर आमच्या गावच्या बाया. त्याच्यामागं दुसरा टेम्पो. डोक्याला फडकी, हाताला पाचटाचे वरखडे, रातभर प्रवास करून आलेल्या. उतरल्या त्या सरळ शाळेत. मोहनरावचा पाय हलायचा थांबला. तो मास्तरला जाऊन म्हनला, हे चालतं का? मतदान घ्यायला तालुक्याहून आलेला माणूस म्हनला, "यादीत नाव आहे, चालतं."

पुढच्या सीटवरून एक पोरगी उतरली, धुळीनं माखलेली. मला वाटलं मुकादमाची सून. टँकरबी नेमका त्याच वेळी आला. मी म्हनलं, ए पोरी, बघती काय, घागर घे आणि लायनीत लाग. ती लागली. दोन घागरी भरून आमच्या ओट्यावर आणून ठेवल्या. तवा विचारलं, कुणाची गं तू?

ती म्हनली, "अजून कुणाचीच नाही. वैशाखात तुमची."

विहीणबाई, मी तिचं तोंड पदरानं पुसलं तवा ओळख पटली. साखरपुड्यात शालूत बघितलेली पोर. लग्नाआधी सासर बघायला आली म्हणून गावात चार तोंडं बोलणार, ती बोलतच हायेत. मी ऐकायला बसलेली न्हाई.

सगळ्यांना भूक लागलेली. पिठलं-भाकरी टाकली आणि दुसरं काय न्हाई म्हणून सिरक्यातला कांदा काढला. वाढायच्या आधी जाईबाई उठून उभी राहिली. म्हनली, "हा कांदा वाइनच्या सिरक्यातला हाय. मागं तुमाला न सांगता वाढला, ते चुकलं. आज सांगून वाढतो. ज्यांना नको त्यांनी घेऊ नका." मग तोडीवरून आलेल्या एकीनं ताट पुढं केलं, म्हनली, मला दोन वाढ. त्यानंतर रांजण कधी रिकामा झाला कळलं न्हाई.

सरूबाई म्हातारीनं मात्र आत घोळ घातला. कागद हातात घेऊन त्या माणसाला विचारती, "बाबा, कागद आडवा धरला की उभी बाटली आडवी होती, आणि आडवी उभी राहती. मग शिक्का मारू कुठं?" त्यानं कागद सरळ करून दिला. तिनं पुन्हा आडवा केला. तिचं मत कुठं गेलं ते तिलाच ठाऊक.

संध्याकाळी निकाल लागला. थोडक्यात, पण बाटली आडवी झाली. टेम्पोतल्या बाया नसत्या तर झाली नसती.

तुमाला काय म्हनू? पत्रात मावत न्हाई. उज्ज्वलाला विचारलं, आईला कसं पटवलंस? ती म्हनली, आईला विचारा. म्हणून विचारते.

वत्सला


आंबेदरा
८ मार्च २००४

वत्सलाबाई,

तुमचं 'दारू ती दारू'चं पत्र आलं, मी उत्तर लिहिलं, पोस्टात टाकलं, आणि दोन दिवस घरात भांडी आपटली. उज्ज्वलाने ते होऊ दिलं. मग विचारलं, "आई, तू नक्की कशावर रागावलीस? दारू म्हणाल्या त्यावर, की खोटं बोलल्या त्यावर?" मी म्हटलं, दोन्हींवर. ती म्हणाली, "मग आपण काय केलं?"

आता तुम्ही स्वच्छ लिहिलंत, मीही लिहिते. आमच्या घरात वाइन कोणी पीत नाही. ह्यांना दोन घोट घेतले की छातीत जळजळतं. सोसायटीने हौसेने काढलेली बाटली अजून म्हणावी तशी खपत नाही. संचालकांनी आपापल्या घरी खोकी नेली, आमचा माळा त्यांनी भरला. हे जातील तिथे खोकं नेतात, लग्नात, बारशात. गावात ह्यांना लांबून बघितलं की माणसं गल्ली बदलतात. तुम्हाला दुसरं खोकं पाठवलं ते कौतुकाने नाही, माळा मोकळा करायला. ते सिरक्याचं, पितळेचं सगळं मी एवढ्या बाटल्यांचं करू काय ह्या चिंतेतून शिकले. गुळाचं तर मी स्वतः कधी केलंच नव्हतं. वाटलं, होत असेल.

तुम्ही लिहिलेल्या टोळ्या कारखान्यामागच्या माळावर उतरल्या आहेत, हे जावईबापूंना ठाऊक होतं. उज्ज्वला आणि मी तिथे गेलो. मुकादम म्हणाला, एक दिवस कोयता थांबला तर मला परवडत नाही. त्याची बायको पाचटाच्या कोपीच्या दारात भाकरी थापत होती. तिने न बघताच विचारलं, "मतदान कुठल्या दुकानाचं?" मी म्हटलं, मोहनरावचं. ती पिठाच्या हाताने उठली आणि म्हणाली, "मी पहिली बसते टेम्पोत, मग बघू कोयता कोण चालवतं." पुढे मला काही बोलावं लागलं नाही.

ह्यांना सांगितलं होतं, टेम्पो शेणखत आणायला चाललेत. तुमच्याकडच्या पेपरात फोटो आला, टेम्पोवर सोसायटीचं नाव ठळक, तेव्हा त्यांना कळलं. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. सोसायटीच्या चेअरमननी बोलावून घेतलं, तेव्हा हे पांढरेफटक पडून गेले आणि ताठ मानेने परत आले. आता सभेत फोटो दाखवून सांगतात, बघा, दारूबंदीला जाणाऱ्या बायकासुद्धा आमच्या टेम्पोतून जातात, म्हणूनच म्हणतो, वाइन म्हणजे दारू नव्हे. टाळ्या पडतात. माळ्यावर अजून तीन खोकी आहेत.

तारीख तीच ठेवू. लग्न इकडे करू, आमच्या विहिरीला अजून पाणी आहे. वऱ्हाड पारोसं आणलंत तरी चालेल, अंघोळी इथेच घाला.

त्र्यंबकरावांना माझा नमस्कार सांगा. मळीचं मी फार तोडून बोलले. खरं असलं तरी.

तुमची,
सारजा


डोंगरपिंपरी
२० जून २००४

सारजाबाई,

तुमी लग्नात वऱ्हाडाला ज्या अंघोळी घातल्या त्याची चर्चा अजून चालू हाय. सिदू म्हनतो, असं लग्न दर वर्षी झालं पाहिजे.

उज्ज्वला बरी हाय. शहादेव नोकरीवर परत गेला, ही म्हनली, मी अजून महिनाभर आईंपाशी राहते. टँकरवाला आधी आमच्यावर खेकसायचा. आता ती पुढं दिसली की तो आपणहून पाइप सरळ धरतो. काय बोलली त्याला ते दोघंबी सांगत न्हाईत. घरात ह्यांना चहा आणि मला काम, दोन्ही वेळेवर मिळतं.

कागद वरून यायला महिना गेला, पण दुकानाला टाळं लागून तीन महिने होत आले. मोहनरावनं तिथं खताचं दुकान टाकलं आणि पहिल्या पोत्याचा नारळ फोडायला आमालाच बोलावलं. आमी गेलो. नारळ जाईबाईनं फोडला, जरा जास्तच जोरानं.

पण पिणारे काय एका दिवसात सुधारत न्हाईत. कचरू आता डोंगरापलीकडच्या गावाला जातो. जाताना चढ, येताना चढ. पिऊन निघतो आणि घरी पोचेस्तोवर घामानं सगळी उतरलेली असती. जाईबाई म्हनती, पायाला मात्र लई चांगलं झालं. पारावरची माणसं त्याला हसतात, तोबी हसतो.

परवा मात्र तो अर्ध्या वाटेतून माघारी आला. येऊन आमच्या ओट्याचा उखडलेला दगड बघत बसला. उज्ज्वलानं त्याला थापी दिली, त्यानं तो बसवला. एकदम सरळ, पाणी ओतलं तर कुठं थांबणार न्हाई असा. जाईबाईनं विचारलं, आज गेला कावून न्हाईस? तर म्हनला, ऊन लई होतं. ऊन न्हवतंच, सकाळपासून आभाळ होतं.

तो गेल्यावर ती माझ्यापाशी बसली. म्हनली, "बाटली तर आडवी झाली. आता हा माणूस उभा राहतो का?"

मी म्हनलं, राहील.

ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हनली, "तू खोटं लई सफाईनं बोलतीस, वत्सला. पण आणखी एकदा म्हन."

मी आणखी एकदा म्हनलं.

तुमची,
वत्सला